इटालियन हॉरर म्हणजे काय? ‘सुस्पिरिया’पासून ‘द बियाँड’पर्यंतच्या रक्तरंजित भयकथांचं जग

1981 साली आलेल्या ‘द बियाँड’ या इटालियन चित्रपटाच्या शेवटी नायक आणि नायिका मेलेल्या माणसांपासून जीव वाचवत हॉस्पिटलच्या जिन्यावरून खाली पळतात. जिना संपतो आणि समोर येतं ते एका जुन्या हॉटेलचं तळघर. हे हॉटेल हॉस्पिटलपासून बरंच दूर आहे. तिथून पुढे गेल्यावर दोघं एका ओसाड, धुकट मैदानात पोहोचतात. हे मैदान म्हणजे त्याच हॉटेलात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या चित्रकाराने काढलेलं चित्र असतं. मागे वळायला वाट नसते. दोघांचेही डोळे पांढरे पडतात आणि चित्रपट संपतो.

जिना तळघरात कसा उतरला, याचं उत्तर चित्रपट देत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा पटकथेतला घोळ वाटतो. पण जगभरातले हॉररचे चाहते चाळीसहून अधिक वर्षं याच शेवटाबद्दल बोलत आले आहेत. या प्रकारच्या चित्रपटांनी पुढे कादंबऱ्या, कॉमिक्स आणि व्हिडिओ गेम्सना एक वेगळीच शैली दिली: भरपूर रक्त, जुन्या वास्तू, अलौकिक शक्ती आणि स्वप्नासारखी तुटक गोष्ट.

ही शैली आली कुठून आणि ती नेमकी चालते कशी?

सुरुवात: अपयशी ठरलेला पहिला प्रयोग

इटलीतला बोलपटांच्या काळातला पहिला हॉररपट म्हणून ‘इ व्हाम्पिरी’चं नाव घेतलं जातं. तो 1957 साली आला. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा यांनी चित्रीकरण अर्धवट सोडलं आणि छायालेखक मारिओ बावा यांनी ते पूर्ण केलं. तरुण स्त्री कॅमेऱ्यासमोरच म्हातारी होते, हे यातलं गाजलेलं दृश्य. चेहऱ्यावर आधीच रंगीत मेकअप केलेला होता. दिव्यांवरचा रंग बदलला की कृष्णधवल फिल्मवर सुरकुत्या उमटायच्या. कुठेही कट नाही.

चित्रपट मात्र फारसा चालला नाही. इटालियन माणूस हॉरर बनवू शकतो यावर इटालियन प्रेक्षकांचाच विश्वास नव्हता. त्यामुळे दिग्दर्शकांनी इंग्रजी वाटणारी टोपणनावं घेतली. फ्रेदा ‘रॉबर्ट हॅम्प्टन’ झाले, बावा ‘जॉन एम. ओल्ड’.

1960 साली बावा यांचा ‘ब्लॅक संडे’ आला आणि चित्र बदललं. निकोलाय गोगोल यांच्या ‘विय’ या कथेवर तो अगदी सैलपणे बेतलेला आहे. आतून खिळे असलेला मुखवटा एका चेटकिणीच्या चेहऱ्यावर घणाने ठोकला जातो, हे त्याचं पहिलं मोठं दृश्य. ब्रिटनमध्ये त्याला 1968 पर्यंत परवानगी मिळाली नाही. बावा यांच्याच 1963 च्या चित्रपटाच्या इंग्रजी नावावरून ‘ब्लॅक सॅबथ’ या प्रसिद्ध बँडने आपलं नाव घेतलं.

‘जाल्लो’ आणि अलौकिक हॉरर यात फरक काय?

इटालियन हॉरर म्हटलं की ‘जाल्लो’ हा शब्द हमखास येतो. जाल्लो म्हणजे इटालियन भाषेत पिवळा. मोंदादोरी या प्रकाशन संस्थेने 1929 पासून रहस्यकथांची पिवळ्या मुखपृष्ठाची मालिका काढली आणि पुढे इटलीत रहस्यकथेलाच जाल्लो म्हणू लागले.

जाल्लो चित्रपटात खुनी माणूस असतो. काळे हातमोजे, चाकू, एक साक्षीदार आणि शेवटी उलगडणारं रहस्य. बावा यांचा ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ (1964) आणि दारिओ आर्जेंतो यांचा ‘डीप रेड’ (1975) ही त्याची ठळक उदाहरणं.

अलौकिक हॉररमध्ये चेटकिणी, भुतं, उठलेली प्रेतं आणि नरकाची दारं असतात. दोन्हींतली दृश्यं सारखी दिसतात, कारण बनवणारे लोक बऱ्याचदा तेच होते. पण जाल्लोमध्ये शेवटी उत्तर मिळतं. अलौकिक हॉररमध्ये ते मिळेलच असं नाही.

‘सुस्पिरिया’ने काय बदललं?

आर्जेंतो यांचा ‘सुस्पिरिया’ 1977 साली आला. अमेरिकन तरुणी सूझी जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या बॅले शाळेत शिकायला येते आणि ही शाळा चेटकिणी चालवतात हे तिला कळतं. गोष्ट एवढीच. चित्रपटाचं नाव आणि त्यामागची कल्पना इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सी यांच्या 1845 च्या गद्यलेखनातून आली. आर्जेंतो यांच्यासोबत पटकथा लिहिली ती अभिनेत्री दारिया निकोलोदी यांनी.

कमाल आहे ती रंगांची. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मधले रंग आर्जेंतो यांना हवे होते. छायालेखक लुचानो तोवोली यांनी दिव्यांसमोर रंगीत मखमल आणि पातळ कागद लावून लाल, निळा, हिरवा प्रकाश थेट चेहऱ्यांवर टाकला. रक्तही खऱ्या रक्तासारखं दिसत नाही, ते रंगाच्या डब्यातून आल्यासारखं लालभडक आहे. आर्जेंतो यांच्या मूळ कल्पनेत शाळेतल्या मुली लहान वयाच्या होत्या. नंतर तरुण अभिनेत्री घेतल्या, पण दारांच्या मुठी मुद्दाम उंचावर बसवल्या. त्यामुळे मोठ्या मुलीही परीकथेत हरवलेल्या लहान मुलींसारख्या दिसतात.

‘गॉब्लिन’ या बँडचं कुजबुज, घंटा आणि ढोलांनी भरलेलं संगीत चित्रीकरणाच्या वेळीच सेटवर मोठ्याने वाजवलं जात असे. हे शक्य होतं, कारण त्या काळात बहुतेक इटालियन चित्रपटांत सेटवरचा आवाज वापरलाच जात नसे. वेगवेगळ्या देशांचे कलाकार आपापल्या भाषेत बोलत आणि नंतर सगळं डब होई. ओठ आणि आवाज किंचित न जुळणं या चित्रपटांत नेहमी जाणवतं. सोयीसाठी आलेली ही पद्धत स्वप्नासारख्या वातावरणाला पोषकच ठरली.

लुचिओ फुल्ची आणि नरकाची दारं

लुचिओ फुल्ची (1927-1996) यांनी विनोदी चित्रपटांपासून वेस्टर्नपर्यंत सगळं केलं होतं. 1979 च्या ‘झोंबी 2’ने ते हॉररचे दिग्दर्शक म्हणून ओळखले जाऊ लागले. नावात ‘2’ आहे, पण हा कशाचाही पुढचा भाग नाही. जॉर्ज रोमेरो यांचा ‘डॉन ऑफ द डेड’ इटलीत ‘झोंबी’ या नावाने चालला होता, त्या लाटेवर स्वार होण्यासाठी हे नाव दिलं गेलं.

इटालियन चित्रपटउद्योग असाच चालायचा. एखादा चित्रपट चालला की त्याच धर्तीचे भराभर निघायचे. दृश्यंही उचलली जायची. ‘सुस्पिरिया’मध्ये अंध पियानोवादकाला त्याचाच कुत्रा मारतो, ‘द बियाँड’मध्ये अंध एमिलीचाही जीव तिचाच कुत्रा घेतो. ‘द बियाँड’मध्ये झोंबी आले तेसुद्धा जर्मन वितरकांना ते हवे होते म्हणून.

‘सिटी ऑफ द लिव्हिंग डेड’ (1980), ‘द बियाँड’ आणि ‘द हाउस बाय द सेमेटरी’ (1981) हे तीन चित्रपट फुल्ची यांची त्रयी मानले जातात. तिन्हींची नायिका कॅट्रिओना मॅकॉल आणि लेखनात दार्दानो साकेत्ती. पहिल्यात एका पाद्र्याच्या आत्महत्येने नरकाचं दार उघडतं. दुसऱ्यात हॉटेल अशाच सात दारांपैकी एकावर उभं आहे. तिसऱ्यात तळघरात एक डॉक्टर माणसं मारून स्वतःला जिवंत ठेवतो आहे.

फुल्ची यांच्या चित्रपटांत डोळ्यांवर हल्ला वारंवार होतो. ‘झोंबी 2’मध्ये दाराची लाकडी ढलपी डोळ्यात शिरते, तेव्हा कॅमेरा नजर वळवत नाही आणि दृश्य लवकर संपत नाही. प्रेक्षक जे पाहतो ते डोळ्यांनीच, म्हणून घाव नेमका तिथे बसतो. अशा चित्रपटांमागे फ्रेंच नाटककार आंतोनँ आर्तो यांच्या ‘क्रौर्याच्या रंगभूमी’चा विचार असल्याचं फुल्ची यांनी सांगितलं होतं.

मग या गोष्टींना तर्क नसतोच का?

असतो, पण तो घटनांपेक्षा जागेत जास्त असतो.

नेहमीच्या भूतकथेत साखळी असते. कुणावर अन्याय झाला, तो आत्मा परत आला, उपाय सापडला, भूत गेलं. मराठी वाचकांना नारायण धारप यांच्या समर्थकथा आठवतील. तिथे दुष्ट शक्ती कितीही प्रबळ असली तरी तिला रोखणारा कुणीतरी जाणकार असतो.

इटालियन हॉररमध्ये असा जाणकार सहसा नसतो, किंवा असला तरी वाचत नाही. तिथे कायम राहते ती वास्तू. ‘सुस्पिरिया’ची शाळा, ‘द बियाँड’चं हॉटेल, ‘द हाउस बाय द सेमेटरी’चं घर. आर्जेंतो यांच्या ‘इन्फर्नो’त (1980) तर एका वास्तुविशारदाने तीन चेटकिणींसाठी फ्रायबर्ग, रोम आणि न्यूयॉर्कमध्ये तीन घरं बांधलेली असतात. वास्तूच्या आत काहीही घडू शकतं, फक्त बाहेर पडता येत नाही. हे लक्षात घेतलं की ‘द बियाँड’चा जिनाही समजतो. हॉटेलच्या कक्षेत आलेल्याला प्रत्येक जिना हॉटेलातच आणतो.

कागदावर ही शैली कशी उतरली?

याचं सगळ्यात ठळक उदाहरण इटलीतलंच आहे. लेखक तित्सिआनो स्क्लावी यांनी 1986 साली ‘डिलन डॉग’ हे कॉमिक सुरू केलं. लंडनमध्ये राहणारा हा गुप्तहेर भुताखेतांच्या प्रकरणांचा तपास करतो. त्याचा चेहरा ब्रिटिश अभिनेते रूपर्ट एव्हरेट यांच्यावर बेतलेला होता. पुढे स्क्लावी यांच्या ‘देल्लामोर्ते देल्लामोरे’ या कादंबरीवर मिकेले सोआवी यांनी 1994 साली चित्रपट केला, तेव्हा नायक म्हणून खुद्द एव्हरेटच आले. त्यातला स्मशानाचा रखवालदार रोज रात्री उठणारी प्रेतं पुन्हा पुरतो. शेवटी तो गाव सोडून निघतो, तर रस्ता एका कड्यावर संपतो. पुढे जगच नाही. म्हणजे पुन्हा जागेचाच तर्क.

जपानमध्ये 1995 साली आलेल्या ‘क्लॉक टॉवर’ या गेमची नायिका जेनिफर ही आर्जेंतो यांच्या ‘फिनॉमिना’वरून सुचलेली आहे. अमेरिकेत ‘ईबॉन प्रेस’ने फुल्ची यांच्या चित्रपटांवर कॉमिक्स काढली. भारतात रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (1984) आणि ‘वीराना’ (1988) मधल्या लाल-निळ्या प्रकाशाचं बावा यांच्या शैलीशी असलेलं साम्य अनेक समीक्षकांनी नोंदवलं आहे.

कथा-कादंबरीत मात्र रंग आणि संगीत मिळत नाही. चित्रपटात लाल प्रकाश एका क्षणात जे करतो, ते लेखकाला शब्दांनी करावं लागतं. म्हणून अशा लेखनात दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. एक, वास्तूचं बारकाईने वर्णन, कारण वाचकाला दारं आणि जिने पाठ असतील तरच ते चुकीच्या जागी उघडल्यावर धक्का बसतो. दुसरी, हिंसेचं शांत, संथ वर्णन. रक्ताचा सडा लिहिणं सोपं आहे. पण प्रत्येक पानावर तो पडला तर चौथ्या पानावर वाचक निर्ढावतो. ‘सुस्पिरिया’तला सर्वांत भीषण खून सुरुवातीलाच येतो. त्यानंतर बराच वेळ फार काही घडत नाही, तरी भीती टिकते ती त्या पहिल्या खुनाच्या आठवणीवर.

बंदी, खटले आणि टीका

या चित्रपटांची किंमत काहींनी कोर्टातही मोजली. फुल्ची यांच्या 1971 च्या ‘अ लिझर्ड इन अ वुमन्स स्किन’मध्ये पोट फाडलेले जिवंत कुत्रे दिसतात. प्राण्यांवरच्या क्रौर्याचा आरोप झाल्यावर स्पेशल इफेक्ट्सचे कलाकार कार्लो राम्बाल्दी यांना ते खोटे कुत्रे कोर्टात दाखवावे लागले. याच राम्बाल्दी यांनी पुढे स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ घडवला.

रुजेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (1980) बाबत तर कलाकारांचा खरोखर जीव घेतल्याचा संशय घेतला गेला. ते जिवंत असल्याचं देओदातो यांना दाखवून द्यावं लागलं. मात्र या चित्रपटात प्राणी खरोखर मारले गेले होते आणि त्यावरची टीका आजही रास्त ठरते. ब्रिटनमध्ये 1984 च्या व्हिडिओ कायद्याच्या काळात आक्षेपार्ह कॅसेटच्या सरकारी यादीत वेळोवेळी 72 चित्रपट आले. त्यात बावा, आर्जेंतो आणि फुल्ची तिघांचेही चित्रपट होते.

दुसरा आक्षेप स्त्रियांबद्दलचा आहे. सर्वांत लांब, सर्वांत सजवलेले मृत्यू बहुतेकदा तरुण स्त्रियांच्या वाट्याला येतात. आर्जेंतो यांनी हा आक्षेप 1982 च्या ‘टेनेब्रे’मध्ये पडद्यावर आणला. त्यात एक स्त्री पत्रकार रहस्यकथा लेखकाला त्याच्या पुस्तकातल्या स्त्रीद्वेषाबद्दल तोंडावर विचारते. थोड्या वेळाने त्या पत्रकाराचाही खून होतो, तोही नजर हटणार नाही अशा देखण्या चित्रीकरणात. प्रश्न विचारूनही चित्रपट त्यातून सुटत नाही. आज या शैलीत लिहिणाऱ्यांनाही हे ठरवावं लागतं की हिंसा कुणावर, किती वेळ आणि कुणाच्या नजरेतून दाखवायची.

पाहायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

हे सगळे चित्रपट प्रौढांसाठीच आहेत. कमी रक्त आणि जास्त वातावरण हवं असेल तर बावा यांचा ‘ब्लॅक संडे’ किंवा ‘किल, बेबी... किल!’ (1966) योग्य. रंग आणि संगीतासाठी ‘सुस्पिरिया’. 2018 साली लुका ग्वादान्यिनो यांनी त्याचा नवा अवतार केला, पण त्यात रंग जाणीवपूर्वक फिके ठेवले आहेत, त्यामुळे जुना आधी पाहिलेला बरा. ‘द बियाँड’ शेवटी ठेवावा आणि शक्यतो अखंड प्रतच पाहावी. अमेरिकेत 1983 साली तो कापून, संगीत बदलून, वेगळ्या नावाने दाखवला गेला होता. पूर्ण स्वरूपात तो तिथल्या थिएटरांत पोहोचला 1998 साली, फुल्ची यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.