पंडिता रमाबाई आणि केडगांवचें मुक्तिसदन

विश्वास आणि दृष्टि यांतील भेद ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासूनचा आहे. पौल प्रेषितानें करिंथकरांस पाठविलेल्या दुसऱ्या पत्रांत तो सांगितला, आणि तेव्हांपासून त्यावर प्रवचनें पुष्कळ झालीं. प्रवचन करणें सोपें आहे. परंतु कोठारांत उद्यांचे दाणे नसतांना आज शेंकडों भुकेलेल्या मुली पंक्तीस बसविणें सोपें नाहीं. महाराष्ट्रांत हें धाडस एका स्त्रीनें पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें केलें. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. त्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकवून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला, आणि त्या मातेजवळच रमाबाईंचें अध्ययन झालें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरे, व मिळालेलें द्रव्य दानधर्मांत खर्च करी. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला. गांठचें सर्व संपलें. पाणी आणि रानांतील पाला यांवर दिवस काढण्याची पाळी आली. शास्त्र्याच्या कुळानें मजुरी करावी ही कल्पनाच त्यांस असह्य होती. १८७४ सालीं वडील गेले. मागोमाग आई आणि थोरली बहीण यांनींहि प्राण सोडला. उरलीं रमाबाई आणि बंधु श्रीनिवासशास्त्री. उपासमारीचें हें स्वरूप ज्या मुलीनें डोळ्यांनीं पाहिलें, तिनें उतारवयांत न दिसणाऱ्या आधारावर सारा संसार उभारावा, हें प्रथमदर्शनीं विलक्षण वाटतें. परंतु त्यांच्या विश्वासाचें स्वरूप समजून घेण्याची किल्ली याच अनुभवांत आहे.

मधला इतिहास प्रसिद्ध आहे. १८७८ सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांस गौरविलें; १८८० सालीं विवाह झाला आणि १८८२ सालीं वैधव्य आलें. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें अमेरिकेंत बोस्टन येथें १८८७ सालीं त्यांच्या साहाय्यार्थ मंडळी स्थापन झाली व तिनें दहा वर्षें मदत देण्याचें पत्करिलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस ‘शारदा सदन’ उघडलें आणि पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. १८९३ सालीं कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून मोठा वाद माजला. न्यायमूर्ति रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनींहि संबंध सोडला. दिसणारा एक आधार तुटला. दुसऱ्याची मुदत ठरलेली होती.

ती मुदत संपल्यावर संस्था स्वतःच्या उत्पन्नावर चालावी म्हणून बाईंनीं केडगांवास जमीन घेऊन फळझाडें लाविलीं. ही व्यवहारदृष्टि झाली, आणि ती योग्यच होती. परंतु झाडांस फळें येण्याचीहि वाट न पाहतां १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील वार्ता ऐकतांच बाईंस आपलें बालपण आठवलें. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें तीनशें मुलींस आश्रय दिला. इतक्यांत पुण्यास प्लेगामुळें निर्बंध आले. तेव्हां या मुलींची वस्ती केडगांवच्या माळावर करावी लागली. अमेरिकेची मदत मूळ शारदा सदनासाठीं होती. या नव्या लेंकरांसाठीं ठरलेलें उत्पन्न असें कांहींच नव्हतें.

या सुमारास बाईंच्या मनावर एका चरित्राचा विशेष संस्कार झाला होता. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांनीं १८३६ पासून अनाथगृहें चालविलीं. ते पगार घेत नसत, कोणापुढें वर्गणीसाठीं हात पसरीत नसत. गरज केवळ प्रार्थनेंत सांगत. तरीहि त्यांच्या पांच इमारतींत दोन हजारांवर मुलांची सोय झाली. विशेष हें कीं, हाच मनुष्य जमाखर्चाचा चोख हिशेब दरवर्षीं छापून प्रसिद्ध करी. जो देव तेथें पुरवितो तो हिंदुस्थानांत कां पुरविणार नाहीं, असा विचार बाईंच्या मनांत आला, आणि केडगांवास तो आचरणांत उतरला.

पण कसा उतरला, तें पाहण्यासारखें आहे. तेथें मुली नुसत्या हात जोडून बसल्या नाहींत. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले. छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम मुलींनीं शिकून घेतलें. ज्या श्रमांस बाईंच्या वडिलांचें कूळ हीन मानीत असे, ते केडगांवास उपासनेइतकेच नित्याचे झाले. पुढें गुजराथचा दुष्काळ आला. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांवर गेली, आणि तरीहि दार बंद झालें नाहीं.

विश्वासानें दुःख टळलें असें मात्र नाहीं. दुष्काळानें खंगून आलेल्या कित्येक मुली वांचल्या नाहींत. जिच्या हातीं सर्व कार्य सोंपवावयाचें, ती एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. त्या आघातानंतरहि बाईंनीं बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम टाकलें नाहीं. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांस समजेल अशा मराठींत त्यांनीं तें केलें होतें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें; समग्र ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. छापलेला पूर्ण ग्रंथ त्यांनीं पाहिला नाहीं.

विश्वास म्हणजे डोळे मिटणें, असा पुष्कळांचा समज असतो. रमाबाईंनीं दुष्काळ इतरांहून अधिक जवळून पाहिला होता. मुली किती, धान्य किती, हें त्यांस नीट कळत होतें. शिलकेचा आंकडा पाहून दार लावावयाचें कीं समोरची मुलगी पाहून तें उघडावयाचें, एवढाच प्रश्न होता. त्यांनीं दार उघडलें, आणि मग कुदळ हातीं घेतली. केडगांवची ती संस्था आजहि उभी आहे.