मुंग्यांचे कृत्रिम वारूळ : ओलावा राखणारी द्रव्ये

मुंग्यांच्या वसाहतीचे संगोपन व निरीक्षण करण्यासाठी घरच्या घरी जे काचेने झाकलेले निवासस्थान तयार करतात, त्याच्या अंतर्भागातील हवा यथायोग्य आर्द्र राहावी म्हणून योजिल्या जाणाऱ्या सच्छिद्र द्रव्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. प्रौढ कामकरी मुंगीचे कवच मेणचट लेपाने युक्त असल्यामुळे ती कोरड्या हवेत चारा शोधीत हिंडू शकते. परंतु अंडी व अळ्या यांचे आवरण अत्यंत पातळ असल्याने ती शुष्क हवेत लवकर सुकतात, आणि मग राणी कितीही निरोगी असली तरी वंशवृद्धी खुंटते. कोशावस्थेतील पिल्ले मात्र पुष्कळ जातींतील कामकरी मुंग्या अधिक उबदार व कोरड्या दालनांत नेऊन ठेवतात. एकाच वारुळात एकाच वेळी ओल्या व कोरड्या अशा दोन्ही जागांची निकड असते, ही बाब ध्यानी घेतली म्हणजे द्रव्याची पारख करताना ते किती पाणी शोषते यापेक्षा ते पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किती सावकाश उतरत जाते, यास अधिक महत्त्व का द्यावे हे उमगते.

जॉन लबक यांनी इंग्लंडमध्ये दोन काचांच्या मधे ओलसर मातीचा पातळ थर ठेवून मुंग्या पाळल्या आणि १८७४ मध्ये आणलेली एक राणी १८८८ पर्यंत जिवंत राखली. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या निरीक्षणांवरच उभा आहे. अमेरिकेतील अ‍ॅडेल फील्ड यांनी मातीला फाटा देऊन काचेच्या घरात ओल्या स्पंजाची तरतूद केली. परंतु या विषयातील खरी मर्मदृष्टी फ्रेंच अभियंता शार्ल जाने (१८४९–१९३२) यांची होय. प्लास्टरच्या लादीत एका ओळीने दालने कोरून एका टोकास पाण्याचे कुंड ठेवावे, म्हणजे पाणी झिरपत जाऊन पहिले दालन ओले, मधले दमट व शेवटचे कोरडे राहते, आणि कोठे राहावयाचे याचा निर्णय मुंग्यांच्याच स्वाधीन होतो, ही त्यांची तजवीज आजतागायत कोणी मूलतः बदललेली नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या १०० भाग पुडीस घट्ट होण्यापुरते सुमारे १९ भाग पाणी रासायनिक दृष्ट्या पुरेसे असते. ओतता येईल असा लगदा व्हावा म्हणून त्याच्या तिपटीहून अधिक पाणी घालावे लागते, आणि हे जादा पाणी उडून गेल्यावर त्याच्या जागी उरणारी सूक्ष्म रंध्रे हीच प्लास्टरच्या जलधारणाशक्तीचे मूळ होत. पाणी वाढविल्यास रंध्रे वाढतात, पण बळ घटते. शिवाय जिप्सम पाण्यात किंचित विरघळते, सुमारे एका लिटरमागे दोन ग्रॅम, त्यामुळे सतत ओल्या राहिलेल्या भिंती कालांतराने मऊ पडतात आणि बळकट जबड्यांच्या मुंग्या त्या कुरतडून बाहेरची वाट काढतात. स्वस्त, सुलभ व कोणत्याही आकारात ओतता येणारे हे द्रव्य लहान व सौम्य जातींस उत्तम आहे. मोठ्या मुंगळ्यांच्या वाढत्या वसाहतीसाठी त्याची शिफारस करवत नाही.

स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात विकसित झालेले आणि आपल्याकडे बांधकाम साहित्याच्या दुकानांत एएसी ब्लॉक किंवा सिपोरेक्स म्हणून मागितले जाणारे हलके काँक्रीट हे प्रस्तुत लेखकाच्या मते या कामी सर्वांत विश्वासू द्रव्य आहे. चुना, सिमेंट व वाळू वा राख यांच्या लगद्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी मिसळली असता हायड्रोजन वायूचे बुडबुडे उठून तो फुगतो, आणि नंतर दाबाखालील वाफेने पक्का केला जातो. त्याच्या मोठ्या पोकळ्यांमधील भिंतींतून असलेली केशाकर्षक रंध्रे पाणी हळूहळू पुढे नेतात. तो साध्या पटाशीने कोरता येतो, पाण्याने मऊ पडत नाही, आणि ओला भाग गडद व कोरडा भाग फिकट दिसत असल्याने ओलाव्याची सीमा डोळ्यांनीच वाचता येते, हा लाभ कोणत्याही आर्द्रतामापकाहून मोठा आहे. कोरताना उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्याने ब्लॉक आधी भिजवावा व तोंडास फडके बांधावे.

भाजलेली वीट व कौल पाणी चांगले शोषतात, पण कोरण्यास कठीण. माती सर्वांत नैसर्गिक खरी, परंतु तीत मुंग्या दृष्टीआड होतात. लाकूड कुजते, बुचाचे लाकूड पाणी जवळजवळ घेतच नाही, आणि अ‍ॅक्रिलिकच्या घरात आर्द्रता हवेतच तरंगून भिंतींवर थेंब धरते, त्यांत अळ्या चिकटून मरतात. तेथे ओला कापूस वा स्पंज वेगळ्या कप्प्यात जाळीआड ठेवणे अगत्याचे.

बुरशीचा दोष द्रव्यास देण्याचा प्रघात आहे. बहुतेक वेळी ती ओल्या दालनात साचलेल्या अन्नाच्या उच्छिष्टावर वाढते, म्हणून चारा दालनांबाहेरील कोरड्या अंगणातच द्यावा. प्रदेशाचाही हिशेब ठेवला पाहिजे. वैशाखातल्या नागपुरास कुंड रोज भरावे लागेल, तर आषाढातल्या रत्नागिरीत तेच रिकामे ठेवणे शहाणपणाचे ठरेल. जातींच्या गरजाही भिन्न आहेत : सर्वत्र आढळणारा काळा मुंगळा (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) बऱ्याच कोरड्या घरात सुखाने नांदतो, उलट सह्याद्रीत आढळणारी उड्या मारणारी हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर ही मुंगी दमट भूमीतली असून आपल्या दालनांच्या भिंतींना कोशांच्या तुकड्यांचे अस्तर लावते.

आर्द्रतामापक वापरावयाचा असल्यास तो आधी पारखून घ्यावा : मीठ व थोडे पाणी यांचा लगदा बंद डबीत ठेवला असता आतील हवेची सापेक्ष आर्द्रता खोलीच्या तपमानास सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते.

नवी राणी व तिची पहिली पिल्ले यांस यांपैकी काहीच लागत नाही. एका टोकास पाणी भरून कापसाच्या बोळ्याने अडविलेली काचेची परीक्षानळी पुरते, आणि मोठ्या घराची घाई हेच कित्येक वसाहतींच्या नाशाचे कारण होते. पुढे ब्लॉकचे घर करावयाचे झाल्यास ते आठवडाभर रिकामेच ओले ठेवून ओलाव्याची सीमा कोठे थांबते ते पाहावे, आणि एक तरी दालन पूर्ण कोरडे राहते अशी खात्री पटल्यावरच मुंग्यांना आत सोडावे.