रोबॉटिक अँजिओप्लास्टीतील नियंत्रणमंच
रक्तवाहिनीत सरकवली जाणारी तार, नळी आणि स्टेंट यांना हलवणारा रोबॉटिक बाहू डॉक्टर ज्या दांड्या, स्पर्शपडदे व संगणकीय आज्ञा यांच्या साहाय्याने चालवतो, त्या जोडणीस नियंत्रणमंच म्हणतात. अशा मंचाची उपयुक्तता केवळ हालचालीच्या अचूकतेवर मोजणे अपुरे आहे. बोटांना होणारी जाणीव हरवल्यावर तो डॉक्टरला तिच्या जागी काय देतो, हा त्याच्या रचनेतील कळीचा प्रश्न आहे.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हापासून हे कौशल्य हातात राहिले आहे. सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीची तार अडथळ्याला टेकली, की तिला पीळ देणाऱ्या बोटांना विरोध जाणवतो आणि धमनीची भिंत दुखावण्यापूर्वी हात थांबतो. परंतु क्ष-किरणांच्या सान्निध्यात, अंगावर शिशाचा जड एप्रन बाळगून वर्षानुवर्षे उभे राहिल्याने डॉक्टरांना किरणोत्साराचा व पाठीच्या विकारांचा धोका असतो, म्हणून त्यांना टेबलापासून दूर बसवणारी यंत्रे आली. कॉरपाथ यंत्रावरील प्रिसाइज या १६४ रुग्णांच्या अभ्यासात डॉक्टरच्या वाट्याला येणारा किरणोत्सार टेबलाजवळच्या पातळीपेक्षा सुमारे ९५ टक्क्यांनी कमी आढळला.

कॉरपाथच्या जीआरएक्स या नंतरच्या आवृत्तीत मार्गदर्शक नळी, तार आणि फुगा अथवा स्टेंट यांसाठी वेगवेगळ्या जॉयस्टिक आहेत. दांडी जितकी झुकवावी तितका वेग वाढतो. याला वेगनियंत्रण म्हणतात. याउलट स्थाननियंत्रणात हात जितका सरकतो त्याच प्रमाणात तार सरकते, ही पद्धत डॉक्टरच्या जुन्या सवयीला अधिक जवळची आहे आणि काही संशोधक तर खरी नळीच हाती देऊन तिची हालचाल यंत्राकडे पोहोचवतात. पडद्यावरील बटणाने तार मिलिमीटरच्या टप्प्यांनी पुढे नेता येते, हा हाताला न साधणारा लाभ खरा. मात्र जॉयस्टिकमधून विरोध परत येत नसल्याने तार वाकली की नाही, हे डोळ्यांनाच ताडावे लागते. तार मागे घेताना ती आपोआप फिरवणारी सोय हातांच्या एका जुन्या युक्तीचेच यांत्रिक रूप आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम परिसरातून सुमारे ३२ किलोमीटर दूर, अहमदाबादच्या एपेक्स हार्ट इन्स्टिट्यूटमधील पाच रुग्णांवर याच यंत्राने उपचार केले. दूरस्थ रोबॉटिक अँजिओप्लास्टीचा मानवावरील हा जगातील पहिला प्रयोग होता. कॅथलॅबमध्ये, म्हणजे रुग्णाजवळच्या उपचारकक्षात, दुसरे तज्ज्ञ उपस्थित होतेच, कारण धमनीत प्रवेश मिळवणे आणि गरज पडल्यास यंत्र बाजूला सारून हाताने काम पुढे नेणे, ही जबाबदारी रुग्णाजवळच्याच माणसाला पेलावी लागते.

मध्य प्रदेशची राजधानी भोपाळपासून सुमारे १८० किलोमीटरवरील, मराठीभाषक वस्ती असलेल्या बैतुलसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने हीच अट निर्णायक ठरते. तीव्र हृदयविकारात रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत धमनी उघडावी असे वैद्यकीय निर्देश आहेत, पण नियंत्रणमंच राजधानीत ठेवला तरी रुग्णाच्या गावी सज्ज कॅथलॅब, प्रशिक्षित हात आणि अखंड संदेशवहन यांची गरज उरतेच. आज्ञा पोहोचण्यास झालेला विलंबही मंचावर ठळक दिसला पाहिजे. यंत्राच्या उपलब्धतेची बाजू याहून अवघड आहे : कॉरपाथची निर्माती कॉरिंडस २०१९ मध्ये विकत घेणाऱ्या सीमेन्स हेल्थिनिअर्सने २०२३ मध्ये हृद्रोगासाठीच्या या यंत्राचे काम थांबवून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर लक्ष केंद्रित केले.