डोहाळे आणि दुखणे

आमच्या शाळेच्या शिक्षिकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकदमच उघडतात. चार वर्षांपूर्वी, अशाच एका सुट्टीत आमच्यातल्या एका तरुण बाईंनी आपला डबा उघडला, लसणीच्या फोडणीचा वास येताच तोंडाला पदर लावला आणि डबा पुन्हा लावून टाकला. आम्ही दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. पाळी चुकल्याचे त्यांनी अजून घरीही सांगितले नव्हते, पण आम्हांला कळायचे ते कळले. बायकांच्या ह्या विद्येला कधी प्रयोगशाळा लागली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांना पाण्याचा घोटही सोसेनासा झाला. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्या भिंत धरून उभ्या राहत. "कडक डोहाळे लागलेत, होतंच असं. तिसरा महिना सरला की बघा कशा खायला लागतात ते!" असे सांगणाऱ्यांत मी पहिली होते. बाराव्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेले. वजन सहा किलोंनी उतरले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला तो असा: सकाळपासून लघवी किती वेळा झाली? एकदाच, तीही गडद, असे उत्तर आले. हे आम्ही एकीनेही विचारले नव्हते. चिंच हवी का, कैरी हवी का, हे मात्र रोज विचारत होतो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी 'डोहाळे' ह्या शब्दामागे लागले. माझे संस्कृत शाळेपुरतेच. तेव्हा भाषांतराचा हात धरूनच चरक-सुश्रुत वाचले. चरकाच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्याची लक्षणे दिली आहेत: पाळी न येणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरची वासना उडणे, ओकारी, आंबटाची ओढ, अंग जड होणे, डोळे मंदावणे, स्तनाग्रे काळवंडणे, पोटावर लवेची रेघ उमटणे. आमच्या आजीने मोजली असती तीच ही लक्षणे. मला तर वाटते की यादी पुरुषाने लिहिली असली तरी ती सांगितली असेल कोणा सुइणीने. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. पहिल्या महिन्यात, गर्भ राहिल्याची नुसती शंका असतानाच, बाईने थंड दूध बेताने, वेळोवेळी प्यावे आणि सकाळ-संध्याकाळ आपल्याला मानवेल तेच अन्न खावे, असे चरक सांगतो. खात्रीची वाट पाहायची नाही. आजचे डॉक्टरही थोडे थोडे, वरचेवर खायला सांगतात, उठण्यापूर्वी अंथरुणातच काही कोरडे तोंडात टाका म्हणतात, आले चघळायला देतात. बीज तेच आहे.

डोहाळ्यांची उपपत्ती सुश्रुत अशी देतो की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, म्हणून ती बाई दोन हृदयांची होते, आणि तिच्या तोंडून ते दुसरे हृदय मागू लागते. ते मागणे पुरवले नाही तर मूल कुबडे, लुळे, ठेंगणे निपजते. कल्पना सुंदर आहे खरी. तिच्यामुळे कितीतरी सासुरवाशिणींना वर्षातून एकदा तरी मनासारखे खायला मिळाले असेल! चरक तर म्हणतो की इच्छा फारच तीव्र असली तर अपायकारक वस्तूदेखील हितकर वस्तूत मिसळून द्यावी. पण नीट पाहिले तर ह्या सगळ्या लाडांचा धनी पोटातला जीव आहे. ती बाई निरोप्या. निरोप्याची प्रकृती कशी आहे ते कोण विचारतो?

कवींनी हीच कल्पना उचलली. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा माती खाते आणि दिलीप तिच्या मुखाचा मृद्गंध एकांतात पुन्हा पुन्हा हुंगतो. ती लाजेने आपली इच्छा सांगत नाही, म्हणून तो तिच्या सख्यांना विचारत राहतो. ह्या श्लोकांवर पिढ्यान् पिढ्या भाळल्या. आज माती खाण्याची वासना झालेली बाई दिसली की डॉक्टर आधी तिचे रक्त तपासतात, कारण पुष्कळदा अंगात लोह कमी असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या निम्म्याहून अधिक, शेकडा ५२.२, गर्भार बायका रक्तक्षयी आढळल्या. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त तर सीतेला अरण्य पाहण्याचे आणि भागीरथीत स्नान करण्याचे डोहाळे लागतात, आणि तेच पुरवण्यासाठी आणलेल्या रथातून तिला वनात सोडून येतात. डोहाळे पुरवण्याची ही रीत मला शिकवताना दर वर्षी जड जाते.

आता शब्दाची गंमत पाहा. 'दोहद' हा संस्कृतातला शब्द मुळात प्राकृत वळणाचा, असे पंडित म्हणतात. तो 'द्विहृद', म्हणजे दोन हृदये, ह्यावरून आला असे परंपरा मानते. पण दुसरे एक मत असे की त्याचे मूळ 'दौर्हृद' आहे, म्हणजे बिघडलेले हृदय, मळमळणारे काळीज. हे मत वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. दुखण्याचेच नाव पुढे हौशीचे झाले, आणि दुखणे त्या नावाखाली दडून गेले असेल काय?

असे दडलेले दुखणे पाहायचे तर परमुलखात, इंग्लंडातल्या यॉर्कशर परगण्यातल्या हॉवर्थ ह्या गावी जावे लागते. 'जेन एअर'ची लेखिका शार्लट ब्राँटी तिथली. बाई शिक्षिका होती आणि कादंबऱ्याही लिहीत असे. तेव्हा माझे तिच्याकडे लक्ष जाणे साहजिकच. २९ जून १८५४ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तिने आपल्या वडिलांच्या हाताखालच्या आर्थर बेल निकल्स ह्या धर्मोपदेशकाशी लग्न केले. जानेवारी १८५५ मध्ये ओल्या जमिनीवरून पातळ जोडे घालून ती हिंडली, तिची सर्दी वाढली, आणि त्याच सुमारास सतत मळमळ आणि भोवळ सुरू झाली. डॉक्टर आले. दुखणे नैसर्गिक आहे, थोडा धीर धरा, सारे ठीक होईल, असे त्यांनी सांगितले. (म्हणजे मी जे सांगितले तेच.) अन्न पाहिले तरी तिला उमळे. येणाऱ्या बाळाची आठवण देऊन घरची मोलकरीण तिला धीर देई. पुढे कधीतरी मला आनंद होईलही, पण आता मी फार थकले आहे, अशा अर्थाचे तिचे उत्तर असे. फेब्रुवारीत घरातली जुनी म्हातारी दासी टॅबी वारली. त्याच महिन्यात शार्लटने मृत्युपत्र केले.

अंथरुणावरून तिने मैत्रिणींना लिहिलेल्या चिठ्ठ्यांतली एक मला विसरता येत नाही. ओळखीच्या एका बाईलाही असेच झाले होते. ती किती दिवस आजारी होती आणि कशा प्रकारे, ते मला कळव, असे ती मैत्रिणीला विचारते. जिने एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या तिला आपल्याच शरीरात काय चालले आहे ते कोणी सांगत नव्हते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिला वात झाला, आणि त्या भ्रमात ती सारखे खायला मागू लागली. हे तिचे डोहाळे म्हणायचे तर ते फार उशिरा आले. ३१ मार्च १८५५ रोजी ती गेली. दाखल्यावर कारण लिहिले क्षय. गर्भारपणाचे नाव त्यात नाही. तिच्या मृत्यूच्या खऱ्या कारणाविषयी अजून मतभेद आहेत. पण अनावर वांत्यांमुळे ती खंगली, असे मानणारे पुष्कळ आहेत. तिची चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल हिने नंतर एका पत्रात लिहिले की मला वेळेवर कळते तर मी तिथे गेले असते आणि जिवासाठी जे करणे अटळ होते ते करायला तिचे मन वळवले असते, मग सगळे माझ्यावर रागावले तरी चालले असते. 'जे करणे' म्हणजे काय, ते तिने उघड लिहिलेले नाही. वाचणारी बाई समजते.

बरोबर दहा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणला आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेले. १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या तेव्हा प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या पुण्यात वारल्या.

गर्भ ओळखण्याची कला मात्र भराभर पुढे गेली. प्राचीन मिसरात बाईच्या मूत्रावर गहू आणि जव भिजवून अंकुराची वाट पाहत. १९६३ साली तिथल्याच संशोधकांनी करून पाहिले, तर शंभरातल्या सुमारे सत्तर वेळा ते खरे निघाले! १९२८ साली बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक ह्यांनी लहान उंदरिणींवर परीक्षा बसवली. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बेडक्या आल्या. गर्भार बाईचे मूत्र टोचले की त्या काही तासांत अंडी घालीत. आता आशाताई 'निश्चय' नावाची पट्टी घरी आणून देतात आणि पाच मिनिटांत दोन रेघा उमटतात.

पण रेघा उमटल्यावर जी बाई ओकते तिचे काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही विद्वानांनी ठरवले की तिला मनातून मूल नको असते, म्हणून ती ओकते. काही इस्पितळांत अशा बायकांना ओकायला भांडेसुद्धा देत नसत. त्यानंतर आली गोळी. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड विकायला निघाले, निर्धोक म्हणून. मळमळीवर ते बायकांनी विश्वासाने घेतले. १९६१ अखेर ते मागे घेतले, तोवर जगभर दहा हजारांहून अधिक मुले हातपाय नसलेली किंवा खुरटलेली जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी ह्या बाईंनी परवानगी अडवून धरली, म्हणून तो देश बहुतांशी वाचला. ह्या धसक्याचा परिणाम असा की चांगल्या औषधालाही लोक भिऊ लागले. डॉक्सिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्वाची गोळी अपायकारक ठरलेली नसताना, खटल्यांना कंटाळून १९८३ साली अमेरिकेत बंद झाली, आणि २०१३ साली पुन्हा मान्य झाली. मधली तीस वर्षे तिथल्या बायकांनी कशी काढली असतील?

कारणाचा धागा सापडायला २०२३ साल उजाडले. गर्भ आणि वार ह्यांतून जी.डी.एफ.-१५ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात उतरते. जिच्या अंगात ते आधी कमी असते तिला त्याची सवय नसते, आणि तिला अधिक त्रास होतो. ह्या शोधातल्या मार्लिना फेझो ह्यांनी १९९९ साली ह्याच दुखण्यात आपले मूल गमावले होते. त्या दुखणे वाढवून सांगतात असे त्यांच्या डॉक्टरांना वाटले होते. दुसऱ्या हृदयाचे मागणे म्हणून आपण जे समजत होतो, ते मूल रक्तातून खरोखरीच काही पाठवत होते. सुश्रुत अगदीच चुकला नाही म्हणायचा.

आमच्या बाईंना दवाखान्यात सलाइन लावले, त्याआधी ब-१ जीवनसत्त्व टोचले, कारण फार दिवस उपाशी पोटी ओकणाऱ्या बाईला ते न देता साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. चौथ्या दिवशी त्यांनी मऊ भात खाल्ला. मी पाहायला गेले तेव्हा मला काही बोलता येईना. त्याच म्हणाल्या, "बाई, बसा ना."

मुलगी चांगली आहे. गेल्या जूनमध्ये शाळेत नव्याने आलेल्या एका शिक्षिकेने मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि पुन्हा लावला. खोलीत नेहमीप्रमाणे नेत्रपल्लवी झाली, कोणीतरी चिंचेची गोष्टही काढली. ह्या बाई मात्र आपला डबा तसाच ठेवून उठल्या, तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि हलकेच विचारू लागल्या, "पाणी तरी पोटात राहतं का ग? लघवीला कितीदा जाऊन आलीस सकाळपासून?"