चढणीचं पाणी
आमच्या मेढ्यात पाऊस पडायच्या आधीच नदी सांगायची, वर कोसळलाय म्हणून. महाबळेश्वराला मृगाचा पाऊस झोडपायला लागला की तिथली तांबडी माती घेऊन वेण्णा खाली यायची. इथं वावरात अजून धूळ उडायची, आणि नदीला मात्र गुळवणी पाणी. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या डोंगराची ती नदी. तिला गढूळ व्हायला कितीसा वेळ लागणार?

त्या पाण्याची आख्खी जावळी वाट बघायची. उन्हाळाभर डोहात दडून बसलेला मासा नव्या पाण्याच्या वासानं उलटा निघायचा. पाणी गार होतं, वाहतं होतं, त्यात किडामुंगी वाहून येते, आणि अंडी घालायला ओढ्याचं उथळ पाणी, भाताची खाचरं मोकळी होतात. म्हणून मासा धारेच्या विरुद्ध चढतो. ह्यालाच चढण म्हणायचं.

गढूळ पाण्यात मासा दिसत नाही ही शहरातल्या माणसाची अडचण. आमचा आजा म्हणायचा, “आरं पोरा, तुला मासा दिसंना, तसं त्यालाबी जाळं दिसंना. मग घाबरायचं कुणी?” गोष्ट खरी होती. नितळ पाण्यात सावली पडली तरी पळणारा मासा तांबड्या पाण्यात जाळ्यात आपसूक शिरायचा. गळ मात्र धारेत टाकून उपयोग नसायचा. काठाच्या कडेला, खडकाच्या आडोशाला, जिथं पाणी फिरून संथ होतं तिथं गांडूळ लावून तळाशी सोडायचा. आणि सगळ्यात नामी जागा म्हणजे ओढा नदीला मिळतो ती. एका अंगाला नितळ, एका अंगाला तांबडं. मासा त्या शिवेवर घुटमळतो.

शिंगटा, वांब ह्यांना तर डोळ्यांची गरजच कमी. शिंगट्याच्या मिशा म्हणजे त्याची जीभ आणि बोटं दोन्ही. गंमत अशी, की तिकडं उत्तर अमेरिकेत वॉलआय नावाचा मासा आहे, त्यानं दुसरी युक्ती काढली. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्यामुळं अंधुक पाण्यात त्याला इतर माशांपेक्षा बरं दिसतं. तिथली माणसंही बर्फ वितळलं की गढूळ पाण्यात गळ टाकून बसतात.

ह्या माशांचा इतिहास कुणी लिहिला म्हणाल, तर एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यानं. कर्नल साइक्स ह्याला मुंबई सरकारनं 1824 साली दख्खनची पाहणी करायला नेमलं. त्यानं जमीन, पिकं, माणसं मोजली आणि मासेही गोळा केले. भीमेच्या खोऱ्यातल्या माणसांनी जी नावं सांगितली ती त्यानं उतरून घेतली, आणि 1839 साली तीच शास्त्राच्या पोथीत गेली. खडकाला चिकटणारा आपला मळ्या आज जगभर ‘गारा मुल्ल्या’ आहे, शिंगटी ‘मिस्टस सींगटी’, आणि मोठ्या खवल्यांची खुद्री ‘टॉर खुद्री’. भीमा शेवटी कृष्णेलाच मिळते, तेव्हा आमच्या वेण्णेतलं गोतही तेच. नावं सांगणारे कोण होते, भोई की कोळी, हे मात्र पोथीत नाही. साहेबाचं नाव प्रत्येक माशाच्या मागं लागलं.

उन्हाळ्यातली मासेमारी वेगळी, आणि वंगाळ. डोह आटले की रामेठ्याची साल ठेचून पाण्यात टाकायची, मासे गुंगून वर यायचे. पुढं सुरुंगाची दारू आली. इंग्रजांनी 1897 सालीच कायदा केला होता: दारू उडवून किंवा विष घालून मासे मारले तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. पण डोंगरातल्या डोहावर कायदा वाचायला कोण बसलंय?

चढणीची मासेमारी आम्ही निर्मळ समजायचो, पण तिच्यातही एक गोम होती. चढणारी मादी पोटुशी असते. जुनी माणसं ओढ्याच्या तोंडावर बांध घालताना एक बाजू मोकळी सोडायची. “बी ऱ्हाऊ दे,” एवढंच म्हणायची. कुणबी पेरणीआधी बियाण्याची कणगी फोडत नाही, तोच हिशोब. पुढं ओढा काठापासून काठापर्यंत जाळ्यानं बंद करायची हाव आली, आणि मी ती मोकळी बाजू बुजताना बघितली.

त्यात 1986 साली खाली कण्हेरचं धरण पुरं झालं. साताऱ्याच्या कोरड्या रानाला पाणी मिळालं, ते नाकारून चालणार नाही. पण माहुलीच्या संगमावरनं कृष्णेतला मासा वेण्णेत चढायचा, ती वाट भिंतीनं अडली. आता धरणाच्या फुगवट्यातला मासा तेवढा वर येतो. धरणांत सोडतात ते कटला, रोहू मूळचे गंगेकडचे. चवीला वाईट नाहीत, पण मळ्याच्या कालवणाची सर त्यांना नाही, हे माझं मत. खुद्रीची पिल्लं लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून तयार करतात आणि ठिकठिकाणच्या तलावांत सोडतात.

वेण्णा अजून तांबडी होते. मृगाच्या पहिल्या लोंढ्याला केळघरच्या अंगाला पोरं बॅटऱ्या घेऊन रात्री ओढ्यावर जातात. मळ्या मिळतो, खेकडे मिळतात, एखादी वांब. परवा एकानं घमेल्यात चार शिंगट्या आणल्या होत्या, त्यातल्या दोन पोटुशा. त्याच्या म्हातारीनं त्या दोन तशाच परत न्यायला लावल्या, भर पावसात.