दप्तराबाहेरची आजी

अमेरिकेंत १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वयें पांच वर्षें राहून जमीन कसणारास १६० एकर मिळत. विवाहितेचें नांव मात्र दप्तरीं सहसा चढत नसे. कॅरोलाइन इंगल्स (१८३९–१९२४) या अशाच एका शेतकऱ्याच्या पत्नी. माळरानावरील संसारांत त्यांनीं टोळधाड सोसली, १८७६ त तान्हा मुलगा गमावला, १८७९ त थोरल्या मुलीची दृष्टि गेलेली पाहिली, १८८०–८१ च्या दारुण हिवाळ्यांत मुली जगविल्या. आणि १८८६ त त्या आजी झाल्या. त्यांची कन्या लॉरा हिनें १९३२ पासून प्रसिद्ध केलेल्या बालकादंबऱ्यांनीं ही संसारकथा जगापुढें आणली. पण त्यांतूनही त्या मुलाचा मृत्यु गाळलेला आहे. दप्तर जें टिपीत नाहीं व लेकही जें सांगत नाहीं, त्या मौनाचीही नोंद इतिहासानें घ्यावी, असें आम्हांस वाटतें.