ओंडक्यावरचा शिक्का

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलात साग पाडला की ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने शिक्का उठवतात, क्रमांक टाकतात. माल कोणत्या कूपातला, म्हणजे तोडणीच्या पट्ट्यातला, हे त्यावरून कळतं. एकेकाळी कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती हे ओंडके ओढायचे. आलापल्लीचं सागवान डेपोतून लिलावाने दूरदूर जातं. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान बल्लारपूरहून रवाना झालं, पण दारं घडवली हैदराबादच्या कंपनीने. लाकूड जंगलाचं असलं तरी त्याचं मोल हत्यार चालतं तिथे वाढतं.

आज भाषा आणि माहिती हा असाच कच्चा माल आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी यंत्रं ही त्याची आरागिरणी. केंद्राने मार्च 2024 मध्ये ‘इंडिया एआय मिशन’ला सुमारे 10,372 कोटी रुपये मंजूर केले. चिप परदेशीच घ्यायच्या, तर यंत्रणा आपली कशी, असं विचारलं जातं. याचं उत्तर पुण्यात आहे. अमेरिकेने हवा तो महासंगणक नाकारल्यावर 1988 मध्ये सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. त्यातले प्रोसेसर ब्रिटिश कंपनीचे होते. ते एकत्र जोडून त्यांच्याकडून काम करून घेण्याची विद्या मात्र इथे कमावली गेली. चिप जुन्या होतात, ही विद्या माणसांत उरते.

हा पैसा आधी दवाखान्यांना द्या, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. गडचिरोलीत तर फारच. डॉक्टरची जागा यंत्र घेणार नाही आणि दवाखान्याच्या निधीला हात लागता कामा नये. पण माडिया बोलणाऱ्या बाईचं दुखणं मराठी बोलणाऱ्या डॉक्टरला समजावं, यासाठी बाजार पैसा घालेल असं मला वाटत नाही, कारण तिच्या भाषेत गिऱ्हाईक थोडं. जिथे नफा नाही तिथेच सरकारी खर्चाला अर्थ असतो. जनजातीय कार्य मंत्रालयाने 2025 मध्ये आणलेल्या ‘आदि वाणी’ या भाषांतराच्या ॲपमध्ये माडियाच्या जवळची गोंडी आहे. ही सुरुवात योग्य दिशेची आहे.

तरीही ‘देशी’ या शब्दावर विसंबून चालणार नाही. बल्लारपूरची पेपर मिल देशीच होती, जंगलाच्या उंबरठ्यावर होती. पण 1927 च्या वन कायद्याने तिला लागणाऱ्या बांबूला झाड ठरवलं, म्हणून तो सरकारचा झाला आणि गावाच्या हाती तोडणीची मजुरी उरली. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला 27 एप्रिल 2011 उजाडला.

म्हणून यंत्रणेत गुंतवणूक करावीच. मात्र गोंडी-माडियाचे आवाज ग्रामसभेला विचारून घ्यावेत, आणि कोणत्या गावाचे शब्द यंत्रात गेले याची नोंद ओंडक्यावरच्या शिक्क्यासारखी कायम राहावी. ही अट पहिल्या करारातच लिहा.